परदेशात मुलावर हात उगारला, तर व्हिसाही धोक्यात

भंडारा, तुमसर, पवनीतून कुणी बायको-मुलांसह परदेशात राहायला जाणार असेल, तर सामान बांधण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. "अदब शिकवायला दोन थपडा मारल्या तर काय बिघडलं?" हे बोलणं तिथं चालत नाही.

नॉर्वेत आईवडिलांनीही मुलांना मारण्यावर बंदी आहे. ओस्लोच्या कोर्टाने डिसेंबर 2012 मध्ये एका भारतीय जोडप्याला मुलाच्या छळाबद्दल तुरुंगवास सुनावला. वडिलांना 18 महिने, आईला 15 महिने.

अमेरिकेत हलकी चापट प्रत्येक राज्यात गुन्हा ठरत नाही. पण अंगावर वळ दिसले आणि छळाची शंका आली, तर शिक्षकांना सरकारी यंत्रणेला कळवावंच लागतं. पुढे पोलीस, मग कोर्ट. बालछळाचा गुन्हा शाबित झाला, तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. दंड भरून सुटू, या हिशेबाने गुन्हा कबूल केला तरी इमिग्रेशनवाले तो शाबित झालेलाच धरतात. म्हणून कबुलीआधी वकिलाला विचारा, माझ्या व्हिसाचं काय होईल? तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या निकालानुसार हा धोका सांगणं आरोपीच्या वकिलाचं कर्तव्य आहे.

आणि आपल्याकडे तरी मोकळीक कुठे आहे? 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलांशी क्रूरतेने वागल्यास शिक्षा आहे. हजरत अनस (रजि.) लहानपणापासून दहा वर्षं प्यारे नबी (सल्ल.) यांच्या खिदमतीत होते. त्यांना कधी 'उफ' सुद्धा ऐकावं लागलं नाही. तरबियत हात न उगारताही होते.