मालकाला नेमकं कुठे टोचतं?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या जुन्या कामगाराला संपाचं गणित समजावून सांगावं लागत नाही. रोड नंबर 16 असो की 22 चं सर्कल. गेटवर सभा झाली, पहिली पाळी आत गेली नाही, की यंत्रं थांबतात, मालाची गाडी सुटत नाही आणि मालकाचा माणूस बोलणी करायला बाहेर येतो. (नेहमीच येतो असं नाही. टाळं ठोकून मालक निघून गेल्याच्या कहाण्याही इथे पुष्कळ आहेत, आणि त्या पुढे कामाला येणार आहेत.) आता त्याच इस्टेटीतल्या आयटी पार्कांत मँचेस्टर युनायटेडची जर्सी घातलेली पोरं दिसतात. त्यांच्या लाडक्या क्लबचे चाहते वीस वर्षं मालकाच्या नावाने ओरडताहेत आणि मालक जागचा हललेला नाही. असं का?

ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये युनायटेड घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा बोजा टाकला क्लबवरच. ज्या पैशातून खेळाडू आले असते, त्यातून व्याज जाऊ लागलं. चाहत्याला पहिलं सुचतं ते तिकीट न घेणं. पण ओल्ड ट्रॅफर्डवर एकाने खुर्ची सोडली की तिच्यावर बसायला दुसरा तयारच असतो. संपाच्या काळात बदली कामगार गेटबाहेर रांग लावून उभे असावेत, तशी गत. शिवाय तिकीट हा कमाईचा एक हिस्सा. टीव्हीचे हक्क आणि प्रायोजक यांचा पैसा प्रेक्षक आत आला काय, न आला काय, ठरलेल्या कराराने येतोच.

म्हणून 2010 मध्ये चाहत्यांनी वेगळी शक्कल लढवली. क्लबचं जुनं नाव न्यूटन हीथ. त्याच्या हिरव्या-सोनेरी रंगाचे मफलर गळ्यात घालून ते मैदानात बसू लागले. मफलरचा पैसा क्लबला जात नव्हता आणि लाल गर्दीतला हिरवा पट्टा कॅमेऱ्याला टाळता येत नव्हता. 2 मे 2021 ला तर बड्या क्लबांनी आखलेल्या सुपर लीगच्या रागाने लोक थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. सामनाच झाला नाही की प्रक्षेपण करणाऱ्याचं वेळापत्रक कोसळतं. फुटबॉलमध्ये यंत्र थांबवण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच. तरीही 2024 मध्ये उद्योगपती जिम रॅटक्लिफ पाव हिश्शाचे धनी झाले, आणि बहुमत ग्लेझर मंडळींकडेच राहिलं.

जर्मन चाहत्यांनी सामना अडवण्याचं हे तंत्र जास्त थंड डोक्याने वापरलं. लीगने प्रसारणहक्कांच्या कमाईतला वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकायचं ठरवल्यावर 2023-24 च्या हिवाळ्यात मैदानावर टेनिस बॉल आणि चॉकलेटची नाणी पडू लागली. कुणाला इजा नाही, पण खेळ मिनिटामागून मिनिट खोळंबलेला. फेब्रुवारी 2024 मध्ये लीगने तो बेतच सोडला. अर्थात तिथे बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या संस्थेकडे असतात. बॉल फेकणारा मतदारही असतो, हे विसरून चालणार नाही.

फलकाचंही एक शास्त्र आहे. मुख्य कॅमेरा मैदानाच्या एका लांब बाजूला असतो, म्हणून फलक समोरच्या बाजूला लावायचा. कॅमेऱ्याच्या खालच्या स्टँडात तो फक्त खेळाडूंना दिसतो. फ्लेक्सपेक्षा कापड बरं, घडी होऊन जर्सीखाली मावतं. शब्द दोन, फार तर तीन. चौथा शब्द टीव्हीवर वाचेपर्यंत चेंडू दुसरीकडे गेलेला असतो.

आपल्याकडचा सर्वांत यशस्वी फलक दोनच शब्दांचा होता: ‘रिमूव्ह एटीके’. 2020 मध्ये संजीव गोयंका यांच्या आरपीएसजी समूहाने कोलकात्याच्या, 1889 पासूनच्या मोहन बागानच्या फुटबॉल विभागात 80 टक्के हिस्सा घेतला आणि आपल्या एटीके संघाचं नाव पुढे जोडलं. पुढचे दोन हंगाम कोविडमुळे गोव्यात, जवळजवळ रिकाम्या स्टँडांसमोर झाले; बहिष्कार टाकायलाही सोय नव्हती. स्टँड पुन्हा भरू लागले तेव्हा चाहत्यांनी क्लब सोडला नाही, फक्त त्या नावाने जल्लोष करायचं नाकारलं. मला ही खेळी सगळ्यात हुशारीची वाटते. गोयंकांकडे एटीकेचा संघ होताच. मोहन बागानकडून हवे होते ते त्याचे लाखो लोक. चाहत्यांनी नेमकी तीच वस्तू अडवून धरली. 18 मार्च 2023 ला मडगावात, फातोर्ड्याच्या मैदानावर, बेंगळुरूला पेनल्टीवर हरवून इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) चषक जिंकल्यानंतर गोयंकांनी नव्या हंगामापासून एटीके जाणार हे जाहीर केलं.

महाराष्ट्रात हे हत्यार बोथट आहे, कारण इथल्या मालकाने जुनी गर्दी विकत घेतलेली नसते. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये कंपनीच्या निर्णयाने बंद झाला, राष्ट्रीय लीग जिंकून चार वर्षं झाली असताना. बालेवाडीचा एफसी पुणे सिटी 2014 ला आला आणि 2019 ला गेला. त्याच्या जागी हैदराबादचा संघ उभा राहिला. हे टाळेबंदीचं प्रकरण. गेट बंद झाल्यावर सभा घेऊन काय उपयोग?

मुंबई सिटीचे ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ अंधेरीच्या छोट्या मैदानात ढोल वाजवत आले. त्यात ठाण्याहून घोडबंदर रोडचं ट्रॅफिक किंवा लोकलची बदली सोसून जाणारेही असतात. 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या सिटी फुटबॉल ग्रुपने 65 टक्के हिस्सा घेतला, चषक आले, मालकाविरुद्ध बोलायचं काही कारण नव्हतं. मग आयएसएलचे व्यापारी हक्क कुणाकडे, पैसा कुठून, याचा घोळ झाला आणि डिसेंबर 2025 मध्ये हा समूह स्वतःच बाहेर पडला. चाहत्यांच्या हातात ना समभाग, ना मोहन बागानसारखी सभासदांची यादी. क्लब पुन्हा रणबीर कपूर आणि बिमल पारेख या मूळ मालकांकडे गेला.