राक्षसाच्या पोराचे काय करायचे?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या इंदोऱ्यातल्या घरी भाच्याची मित्रमंडळी रात्रभर एक खेळ खेळत बसली होती. पाचजण, वीस बाजूंचे फासे आणि इंग्रजीतले एक जाडजूड पुस्तक. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात आणि फाशावर जय-पराजय ठरतो. मध्यरात्री पोरांचा आवाज चढला म्हणून आम्ही उठून पाहिले. वीरांनी गुहेतले सगळे राक्षस कापून काढले होते. आतल्या खोलीत मात्र राक्षसांची लहान पोरे निघाली, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. त्यांचे काय करायचे यावर खडाजंगी सुरू होती. एक म्हणे मारा, मोठी होऊन सूड घेतील. दुसरा म्हणे सोडून द्या. तिसरा म्हणे देवळात नेऊन ठेवू, चांगले संस्कार करू. भाच्याने आम्हालाच विचारले, "मामा, तुम्ही काय केलं असतं?"

त्या रात्री आम्हाला उत्तर देता आले नाही. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण हा खेळातला प्रश्न नाही वाचकहो, हा आपला प्रश्न आहे!

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो 1974 साली बाजारात आणला. त्याच्या नियमपुस्तकात प्रत्येक जमातीपुढे तिची वृत्ती छापलेली असे. ऑर्क : दुष्ट. गॉब्लिन : दुष्ट. एकेकाने काय केले याची चौकशीच नाही, जमात दुष्ट म्हणजे पोरही दुष्ट! गायगॅक्सने 1979 च्या एका साहसकथेत तर गुहांमध्ये या जमातींच्या बायका-पोरांची संख्याही देऊन ठेवली. त्यांचे काय करायचे हे खेळणाऱ्यांनी ठरवायचे. पुढे 2005 साली धर्मयोद्ध्याच्या कर्तव्याचा विषय निघाला, तेव्हा याच गायगॅक्सने कर्नल चिव्हिंग्टनच्या नावावर असलेल्या एका उक्तीचा दाखला दिला. लिखांच्याच पुढे उवा होतात, असा तिचा अर्थ.

हा चिव्हिंग्टन कोण? कोलोरॅडोतल्या सँड क्रीक येथे 29 नोव्हेंबर 1864 रोजी शायान आणि अरापाहो आदिवासींच्या छावणीवर त्याने फौज घातली. छावणीने सैन्याचे संरक्षण आहे असे मानले होते, वर अमेरिकेचा झेंडाही लावला होता. दीडशेहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य बायका, मुले आणि म्हातारे. हा कर्नल आधी धर्मोपदेशक होता, हेही लक्षात ठेवावे. खेळातला राक्षस खोटा असतो, पण त्याच्या पोराला मारण्यासाठी दिलेले कारण खऱ्या कत्तलीतून उचललेले असते.

अमेरिका लांब राहिली. आपल्याकडे असे पुस्तक नव्हते काय? होते, आणि त्याला कायदा म्हणत. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा तर्क त्यांनी कुठून उचलला? आपल्याच जातिव्यवस्थेतून! सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार. मनूची व्यवस्था साहेबाने इंग्रजीत लिहून घेतली, एवढेच. 1911 च्या कायद्याने हे जाळे ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरले. पारधी, कैकाडी, मांग गारुडी, कंजारभाट अशा जमातींच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी लागली आणि अनेकांच्या वाट्याला तारेच्या कुंपणातल्या वसाहती आल्या.

आणि पोरांचे काय? त्या रात्रीचा तिसरा मुलगा जे म्हणाला, तेच इंग्रज सरकारने केले. 1897 च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची सोय झाली. मारले नाही, 'संस्कार' केले! याला दया म्हणायचे काय? आईबाप जन्मतःच दुष्ट, हे गृहीत धरूनच ही दया निघते. मारणारा आणि सुधारणारा, दोघेही एकाच पुस्तकाचे वाचक आहेत.

म्हणूनच परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिघांना एका ओळीत उभे केले आणि दोष त्या माणसांना नव्हे, त्यांना या स्थितीत ठेवणाऱ्या संस्कृतीला दिला.

नागपूरकराने तर हा प्रश्न परक्याचा समजूच नये. महाभारतात खांडववन जाळले जाते, त्यात तक्षक नागाचा मुलगा अश्वसेन निसटतो, त्याला वाचवताना आई अर्जुनाच्या बाणाने मरते. पुढे जनमेजयाच्या सर्पसत्रात नाग जाळले जातात, आणि ते सत्र थांबवतो कोण? नागकन्येच्या पोटचा आस्तिक! पोथी ज्यांना साप म्हणते ती माणसे होती, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले. 15 ऑक्टोबर 1956 रोजी याच शहरात, धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना त्यांनी नाग लोकांचा छळ सांगितला, अगस्ती मुनीने वाचवलेल्या एका नागाची कथा सांगितली आणि आपण त्याचेच वंशज आहोत असे सांगितले. म्हणजे गुहेच्या कोपऱ्यात बसलेले ते पोर कोण? आपणच!

मग उत्तर काय? उत्तर अजिंठ्यात कोरलेले आहे. दोन क्रमांकाच्या लेण्यात हारितीचे शिल्प आहे. ही राजगृहाची यक्षिणी. तिला पाचशे पोरे, आणि लोकांची मुले ती खात असे. कथा अशी की तथागतांनी तिचे धाकटे पोर भिक्षापात्राखाली लपवले. ती वेड्यासारखी शोधत आली. तथागत म्हणाले, इतक्यांतले एक गेले तर तुझी ही दशा, ज्यांना एकदोनच होती त्यांचे काय? तिचे डोळे उघडले, पोर तिला परत मिळाले. पण तिने रोखठोक विचारले, आता माझी पोरे खातील काय? तेव्हा संघाच्या जेवणातला वाटा तिच्यासाठी रोज काढून ठेवायचे ठरले. सातव्या शतकात आलेल्या चिनी भिक्खू इत्सिंगने ही प्रथा विहारांत चालू असल्याचे लिहून ठेवले आहे.

नीट पाहा. तथागतांनी पोर मारले नाही, आणि संस्कारासाठी कायमचे ठेवूनही घेतले नाही. पोर आईला दिले आणि दोघांच्या भाकरीची सोय लावली. उपदेशाबरोबर अन्नाचा वाटा दिला. हा चौथा मार्ग त्या रात्री पाचातल्या एकालाही सुचला नाही, कारण पुस्तकात तो नव्हता.

हा मार्ग आज कोण चालवतो? अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने 2012 साली फासेपारध्यांच्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली. नाव ठेवले 'प्रश्नचिन्ह'. कोणी बाहेरचा सुधारक नाही, समाजाचाच माणूस. आणि आपण तिला काय दिले? 2019 साली याच नागपुरातून मुंबईला जाणाऱ्या समृद्धी महामार्गासाठी तिच्या वर्गखोल्या आणि ग्रंथालय पाडले गेले. 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा थाटात खुला झाला. त्या रस्त्याने जाणाऱ्या किती गाड्यांना ते प्रश्नचिन्ह दिसले?

पुस्तके बदलतात, नाही असे नाही. त्या खेळाच्या कंपनीने 2020 साली चूक मान्य केली, आणि 2024 च्या नव्या आवृत्तीत ऑर्क हा खेळणाऱ्याने घ्यायचा वीर झाला. आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. पण विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंग नियमावल्यांतल्या तरतुदी रद्द व्हायला 3 ऑक्टोबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. बहात्तर वर्षे! आणि गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालावरच जाते.

भाच्याला आम्ही आता उत्तर दिले आहे. पोराचे काय करायचे हा प्रश्न दुसरा, बाबा. पहिला प्रश्न, त्याला दुष्ट कोणी लिहिले? ते पान आधी फाड. मग आपल्या ताटातला वाटा काढून ठेव, त्या पोराचा आणि त्याच्या आईचाही.

जय भीम!