५,०४० ताना आणि एक हुरहूर

मंगरूळपीरच्या एखाद्या गायकाने पहाटे सहाला पेटी उघडली आणि सात स्वर प्रत्येकी एकदाच, पण दर वेळी नव्या क्रमाने गायचे ठरवले, तर सगळे क्रम संपवून तो कधी मोकळा होईल? सेकंदाला एक स्वर धरला, तर दुपारी पावणेचारच्या सुमारास. मध्ये ना चहा, ना जेवण. सात स्वरांचे क्रम होतात ५,०४० आणि त्यातले एकूण स्वर ३५,२८०.

हा हिशेब मराठी मुलुखातलाच आहे, आणि जुना. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’मध्ये तो मांडला. हाती आलेला क्रम यादीत कितवा, हे यादी न लिहिता काढायची ‘खंडमेरू’ ही रीतही त्याने दिली. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ‘लीलावती’त (११५०) अंकांच्या अशाच मांडण्यांचे ‘अंकपाश’ हे प्रकरण आहे.

आता सातऐवजी सप्तकातले बाराही स्वर घ्या. क्रम होतात ४७,९०,०१,६००. सेकंदाला तीन स्वर, म्हणजे एका क्रमाला चार सेकंद, अशा वेगाने अहोरात्र गायले तरी साठ वर्षे उलटतील.

तबल्याकडे वळलो, तर साठ वर्षेही किरकोळ वाटतात. धा, धिं, ता, तिं हे चारच बोल घेऊन तीनतालाच्या सोळा मात्रा भरायच्या, तर ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ आवर्तने निघतात. एका आवर्तनाला आठ सेकंद धरले, तर लागतात सुमारे १,०८९ वर्षे. शार्ङ्गदेवाच्या काळात कुणी हात घातला असता, तर आजही पाव काम बाकीच असते.

एवढ्या गणितात जीव गलबलायला जागा उरते का? १९७०च्या दशकातल्या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकला हाच प्रश्न विचारला गेला. जेथ्रो टलचे ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ (१९७२) हे एकच गाणे अख्ख्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजू व्यापते. पिंक फ्लॉइडचे ‘मनी’ (१९७३) बरेचसे सात मात्रांत चालते. आपल्या रूपकच्याही सातच. लयकारी वाढली की ‘ही कसरत झाली, गाणे कुठाय?’ असे म्हणणारे श्रोते आपल्या बैठकीतही असतातच.

पण पिंक फ्लॉइडचेच ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ (१९७५) ऐका. दुरावलेल्या जुन्या साथीदारासाठी, सिड बॅरेटसाठी, केलेली ही रचना दोन भागांत मिळून सुमारे २६ मिनिटांची आहे. पहिला शब्द कानी पडायला आठ मिनिटांहून जास्त थांबावे लागते. त्याआधी डेव्हिड गिल्मोरची गिटार चार स्वर वाजवते आणि काळजात कळ उठते. खंडमेरूच्या हिशेबाने चार स्वरांचे क्रम २४. उरलेल्या २३ क्रमांतून ही कळ निघाली असती का?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४). शार्ङ्गदेवाचा हिशेब मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यात ‘मेरुखंड’ म्हणून गळ्यावर चढला होता, आणि खाँसाहेबांनीही लहानपणापासून तो घोटला. झूमरा हा त्यांचा लाडका ताल, चौदा मात्रांचा. मात्रेला चार सेकंद अशी अतिविलंबित लय धरली, तर समेवर परतायला ५६ सेकंद लागतात.

त्यांचा मारवा घ्या. पंचम वर्ज्य, म्हणून स्वर सहा आणि कागदावरचे क्रम ७२०. रागाचे चलन त्यातले बरेचसे बाद करते. शिवाय या रागात षड्जावर फारसे टेकायचे नसते. खाँसाहेब कोमल रिषभावर आणि धैवतावर थांबतात, स्वरांची मांडणी बदलत राहतात आणि घर असलेला षड्ज लांबवतात. मारव्याची संध्याकाळची हुरहूर या लांबवण्यातून येते.

ज्याच्या हाताशी शेकडो वाटा आहेत, त्याने घरची वाट टाळली, तर ऐकणाऱ्याला ती ओढ जाणवते. ज्याला एकच वाट ठाऊक आहे, त्याने टाळली, तर तो नुसता चुकतो. गणित गायकाला वाटा देते. त्यातली कुठली घ्यायची आणि कुठे थांबायचे, एवढेच भावाचे काम. पण वाटाच नसतील तर भाव तरी काय निवडणार?