अकस्मात् येणारी धास्ती

सकाळची घाईची वेळ. दादर स्थानकावर गाडी येते आणि गर्दीच्या रेट्याबरोबर एक गृहस्थ डब्यांत ढकलले जातात. प्रकृति धडधाकट, घरीं कांहीं उणें नाहीं, कचेरींतही विशेष काळजी नाहीं. तोंच काळीज धडधडूं लागतें, श्वास कोंडल्यासारखा होतो, तळहात घामानें भिजतात, बोटांना मुंग्या येतात आणि मनांत एकच विचार उभा राहतो: 'आतां आपला शेवट आला!' पुढच्या स्थानकावर उतरून ते बांकावर बसतात. थोड्या वेळानें सारें शांत होतें. डॉक्टरांच्या तपासणींत हृदय निर्दोष ठरतें. तरीही दुसऱ्या दिवशीं फलाटावर त्यांचें पाऊल अडखळतें.

हा केवळ मनाचा दुबळेपणा होय, असा समज घरोघरीं आढळतो. तो खरा नाहीं. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुनासारख्या वीराचें तोंड कोरडें पडतें, अंग कांपतें, हातांतून गांडीव गळूं लागतें. त्याच्या विषादाचें कारण निराळें होतें. परंतु मन हेलावलें कीं शरीर कसें बोलूं लागतें, याचें तें बोलकें चित्र आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धांत लढलेल्या सैनिकांत धडधड, धाप आणि छातींतील दुखणें अशा तक्रारी डॉ. डा कॉस्टा यांना दिसल्या. १८७१ सालीं त्यांनीं या व्याधीचें वर्णन 'क्षुब्ध हृदय' या नांवानें प्रसिद्ध केलें. रणांगण पाहिलेल्यांना कोण भित्रे म्हणेल?

या गोंधळाची उकल शरीरशास्त्रानें केली आहे. हार्वर्ड विद्यापीठांतील वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, भय किंवा क्रोध उत्पन्न होतांच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें आणि शरीर लढण्यास अथवा पळण्यास सिद्ध होतें. स्नायूंना अधिक रक्त हवें म्हणून हृदय जोरानें चालतें. अधिक प्राणवायु हवा म्हणून श्वास जलद होतो. अंग तापूं नये म्हणून घाम सुटतो. समोर वाघ असता तर याच तयारीनें प्राण वांचले असते. गाडीच्या डब्यांत वाघ नसतो, एवढाच फरक. मांजराच्या पावलानें 'चोर, चोर' म्हणून सारा वाडा जागा करणाऱ्या पहारेकऱ्यासारखी ही स्थिति आहे. पहारेकरी इमानी आहे; चुकली ती त्याची पारख.

पुढचा अनर्थ मात्र गैरसमजानें होतो. जलद श्वासानें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वायु कमी होतो, मेंदूकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, घेरी येते, बोटें बधिर होतात. मनुष्यास वाटतें, श्वास अपुरा पडतो आहे. म्हणून तो आणखी जोरानें श्वास घेतो आणि घेरी वाढते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनीं १९८६ सालीं हेंच चक्र मांडलें: लक्षणांपेक्षां त्यांचा लावलेला भलता अर्थ धास्तीला शिखरावर नेतो.

ठिणगी कोठून पडते, हें शोधणें उपयुक्त ठरतें. कडक चहा-कॉफी, तंबाखू, जागरण, उपास, उकाडा, कोंदट जागा, कांहीं महिन्यांपूर्वीं झालेला वियोग, किंवा पूर्वीं जेथें धास्ती आली तें ठिकाण, यांपैकीं कांहीं ना कांहीं पुष्कळदां सांपडतें. एका वहींत वेळ, स्थळ, आदल्या रात्रीची झोप आणि खाणेंपिणें टिपून ठेवलें, तर महिन्याभरांत बरेंच उमगतें. कधीं कारण मुळींच दिसत नाहीं. तेव्हां त्याचाही घोर लावून घेऊं नये.

उपायांत पहिला मान वैद्यकीय तपासणीचा. कंठग्रंथीचा अतिरेक, पंडुरोग, हृदयविकार यांतही अशीं लक्षणें दिसतात. छातींत दाटून येऊन कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर ती धास्ती समजून क्षणभरही थांबूं नये. तपासणींत दोष न निघाल्यास, लाट आली असतां शक्यतों जागा सोडून पळूं नये. पाय जमिनीवर टेकवून श्वास हळूं घ्यावा, त्याहून हळूं सोडावा, आणि सभोंवारच्या पांच वस्तूंचीं नांवें मनांत घ्यावीं. ही लाट बहुधा दहा मिनिटांच्या आंत शिखर गांठते आणि ओसरूं लागते.

खरी हानि पुढेंच असते. आज गाडी सुटते, उद्यां बाजार, परवां देऊळ, आणि शेवटीं उंबरठा हीच सीमा होते. टाळण्यानें क्षणभर सुटका वाटते, पण भय पोसलें जातें. म्हणून परतणें पायरीपायरीनें असावें: प्रथम सोबतीसह एक स्थानक, मग दोन, मग एकट्यानें. घरच्यांनीं 'उगाच घाबरतोस' म्हणून हिणवूं नये आणि सर्व कामें स्वतःकडे घेऊन त्याला पांगळाही करूं नये. एवढ्यानें न भागल्यास मनोविकारतज्ज्ञ आहेत. संभाषणाच्या उपचारांनीं व औषधांनीं पुष्कळांस गुण येतो. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या दूरध्वनि-क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

पहारेकऱ्यास काढून टाकतां येत नाहीं आणि टाकूंही नये; खऱ्या चोराच्या वेळीं त्याचीच गरज लागते. दादरच्या त्या गृहस्थांना करावयाचें आहे तें इतकेंच: त्याची हांक ऐकावी, दिवा लावून पाहावें, आणि मांजर दिसल्यास पुन्हां आपल्या कामास लागावें.