जमत नाही, की सोयीचं नाही?

आज एका अल्पायुषी तुकडीचं उदाहरण घेऊ. अमेरिकी नौदलाची व्हीएफ-१७ ही लढाऊ विमानांची तुकडी. जानेवारी १९४३ मध्ये उभी राहिली, एप्रिल १९४४ मध्ये विसर्जित झाली. प्रमुख होते टॉम ब्लॅकबर्न.

त्यांचं विमान कॉर्सेअर. वेगवान, पण नाक इतकं लांब की उतरताना वैमानिकाला जहाजाची धावपट्टी नीट दिसायची नाही. वेग कमी झाला की डावा पंख आधी खाली जायचा. मग वैमानिकाची बैठक उंच केली, उजव्या पंखावर छोटी पट्टी बसवली. सगळं सुधारलं असं नाही, पण ‘बंकर हिल’ या जहाजावर काम चालू लागलं.

तरीही तुकडीला जहाजावरून उतरवलं. का? बाकीच्या जहाजांवर हेलकॅट विमानं होती. एकाच तुकडीसाठी वेगळे सुटे भाग समुद्रभर पुरवायचे कोणी? तुकडी सॉलोमन बेटांवर ओंडोंगाच्या तळावर गेली.

गंमत पुढेच आहे. ११ नोव्हेंबर १९४३ ला हीच विमानं ताफ्याच्या रक्षणाला आली आणि इंधन घ्यायला विमानवाहू जहाजांवर उतरली! दीडशेहून अधिक विमानं पाडल्याची नोंद या तुकडीच्या नावावर आहे.

‘जमत नाही’ हे विधान विमानाबद्दलचं, ‘सोयीचं नाही’ हे आपल्या व्यवस्थेबद्दलचं. दुसऱ्याच्या जागी पहिलं वापरलं, की दोष भलत्याच्याच माथी बसतो. माणसांबाबतही आपण हेच करतो ना?