फाइल शाबूत, खंडोबा गायब

अणदूरचा खंडोबा दरवर्षी नळदुर्गला जातो आणि परत येतो. संगणकातला खंडोबा मात्र एकदा गेला की सहजी परतत नाही.

समजा, 1998 साली यात्रेची पत्रिका डीटीपीवाल्याने कृतिदेव फाँटमध्ये टाइप केली. तीच फाइल आज त्या फाँटविना उघडा. ‘खंडोबा’च्या जागी दिसेल एक चौकोनी कंस आणि पुढे के, ए, एम, के, एस, सी, के ही इंग्रजी अक्षरं! फाइल बिघडलेली नाही, आतला एक बाइटही हललेला नाही. त्या काळच्या फाँटनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवले होते. कृतिदेवमध्ये कंस म्हणजे अर्धा ख, के म्हणजे काना. श्रीलिपी फाँटची मांडणी निराळी, आकृती फाँटची आणखी तिसरीच.

1991च्या युनिकोड या अक्षरक्रमांकांच्या मानकाने देवनागरीला 128 जागांचा स्वतःचा गाळा दिला. तिथे ख म्हणजे 0916, मग फाँट कोणताही असो.

जुन्या फाइलींचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत, पण डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फाइलीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. जोडाक्षरांत तर हमखास गोंधळ, तेव्हा मुद्रितशोधन आलंच.

फाँट आत बसवलेली पीडीएफ करा, शिवाय युनिकोड प्रत ठेवा. मूळ फाइल आणि तिचा फाँटही पुसू नका. उद्या याहून चांगलं साधन आलं, तर तीच लागेल. आणि सगळं एकाच पेनड्राइव्हवर नको.