खाणीतली शाळा

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा ६१ मीटर उंच काळा कडा पाहायला लोक मुद्दाम जातात. साडेसहा कोटी वर्षांच्या या बेसाल्टच्या भोवतालचा दगड मात्र खाणींनी फोडून नेला.

खाणीत दगड फोडण्याचं काम गाव सोडून आलेल्या जोडप्यांचं. बाप घण घालतो, आई पाटीत खडी भरते, मुलगा धुळीत खेळतो. थोडा मोठा झाला की धाकट्या भावंडाला सांभाळतो. खाण बदलली की बिऱ्हाड हलतं, मग शाळेचा दाखला कुठला?

पुण्याजवळ वाघोलीत बस्तू रेगे यांच्या ‘संतुलन’ संस्थेने थेट खाणीतच शाळा नेली. तिचं नाव ‘पाषाण शाळा’. किती नेमकं नाव! आईबापांच्या कामापासून हाकेच्या अंतरावर मुलगा अक्षरं गिरवू लागला.